घर कुणाच्या नावाचं?

(वनहक्क समितीच्या सभासदांसाठी भरलेल्या दोन दिवसांच्या शिबिरात संघटनेच्या एका जुन्या कार्यकर्त्या बाईंनी केलेलं हे भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. पाड्यापाड्यावरच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



बायांनो, भावांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनो,

शिबिरवाल्यांनी मला विषय दिलाय, 'घर : समाजात, इतिहासात आणि साहित्यात'. मी म्हटलं, बाबांनो, हा कॉलेजातला विषय झाला. मी सातवी शिकलेली बाई. ते म्हणाले, तुम्ही चुलीपासून सुरू करा, बाकीचं आपोआप येईल. म्हणून चुलीपासूनच सुरू करते. पण त्याआधी काल रात्रीची एक गोष्ट सांगते.

काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही एका पाड्याचे वनहक्काचे दावे तपासत बसलो होतो. तुम्हाला ठाऊक आहे, दाव्याचा 'अ' नमुना आहे. त्यात नाव, गाव, नवरा-बायकोचं नाव झालं की जमिनीचा प्रश्न येतो : ताब्यात असलेली वनजमीन किती? त्याचे दोन भाग आहेत. 'अ' म्हणजे वस्तीसाठी, 'ब' म्हणजे स्वतः कसण्यासाठी. 'ब'समोर सगळ्यांनी लिहिलंय. कुणी अडीच एकर, कुणी तीन एकर. आणि 'अ'समोर? रेघ. एकामागून एक अर्ज उलटले, सगळीकडे रेघच. जणू काय आख्ख्या पाड्याला घरच नाही. माणसं झाडाखाली झोपतात, सकाळी उठून प्लॉटवर जातात.

आणि त्यातले बरेच अर्ज कुणाच्या अक्षरातले होते सांगू? माझ्या. ती रेघ मीच मारली होती. मला लाज वाटली. झोप लागली नाही. म्हणून आज जे बोलणार आहे ते तुम्हाला शिकवायला नाही. आपली चूक कुठून आली ते आपण मिळून बघू.

घर कशाचं होतं

आपलं घर कशाचं असतं? ऐनाच्या नाहीतर सागाच्या मेढी. त्यावर आढं, आढ्यावर वासे. भिंतीला कारवीचा कूड. कारवी कापायची, भारे डोक्यावरून आणायचे, उभी बांधायची, त्यावर माती आणि शेण लिंपायचं. वर पेंढा नाहीतर कौलं. म्हणजे घराचं सगळं सामान जंगलातून येतं. कारवीला फूल यायला सात-आठ वर्षं लागतात, आणि ती फुलली की सुकते, हे आपल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून कुठली कापायची, कुठली राखायची ते आपण बघून ठरवतो. जंगल राहिलं तर कूड राहणार, हे कायद्याच्या पुस्तकात वाचून आपल्याला कळलेलं नाही.

आता यातलं कुणाचं काम किती ते मोजा. मेढी पुरायला, आढं चढवायला गडी लागतात, पाड्यातले सगळे येतात, दोन-तीन दिवसांत सांगाडा उभा राहतो. मग कारवीचे भारे कोण आणतं? बाया. माती कोण तुडवतं? बाया. कूड कोण लिंपतं, दर वर्षी पावसाळा सरल्यावर पुन्हा कोण लिंपतं, रोज सकाळी कोण सारवतं? सांगाडा दोन दिवसांचा, लिंपण जन्मभराचं. बाईनं एक पावसाळा हात आखडला तर घर मातीला मिळेल. तरी पाड्यात विचारलं, हे घर कुणाचं, तर उत्तर येतं बाप्याच्या नावानं.

इतिहासात घर

आता इतिहास. १८७८ साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशी वाटणी केली. राखीव करताना जाहीरनामा लावायचा आणि कुणाचा हक्क असेल तर मुदतीत येऊन सांगा म्हणायचं. १९२७चा कायदा आला, त्यातही तीच रीत. मुदत किमान तीन महिन्यांची. आपल्या वाचता न येणाऱ्या आजे-पणज्यांना तो कागद कुणी वाचून दाखवला? मुदत गेली, हक्क गेले. घर जिथं होतं तिथंच राहिलं, खालची जमीन मात्र सरकारची झाली. माणूस हलला नाही आणि 'अतिक्रमणदार' झाला.

आणखी एक गंमत. जंगल तोडायला, लागवड करायला, वणवा विझवायला सरकारला माणसं हवी होती. मग जंगलातच वस्त्या बसवल्या, त्यांना वनगाव म्हणायचं. घर बांधा, थोडी जमीन कसा, पण बदल्यात खात्याचं काम करा. सातबारा नाही, हक्क नाही. म्हणजे तुमचं घर तुमच्या अंगमेहनतीवर टांगलेलं. मजूर हवा तोवर घर चालतं. काम संपलं की घराची अडचण होते.

इकडे आपल्या ठाणे जिल्ह्यात काय होतं? 'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं मराठीत म्हणतात. म्हणजे दोन्हीत माणूस खर्चानं वाकतो. आपल्या वारली माणसाचं त्याहून वाईट होतं. लग्नासाठी शेटकडून कर्ज काढलं की तो आणि त्याची नवी बायको दोघंही शेटचे गडी. लग्नगडी म्हणायचे. कर्ज फिटायचं नाही, जन्म संपायचा. लग्न झालं, पण घर झालं का? त्यांचं घर शेटच्या खळ्याजवळ, शेटच्या हाकेच्या टप्प्यात. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचं. बाईचं तर अंगही तिचं नव्हतं. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर आपली माणसं उठली, वेठ आणि लग्नगडीची चाल मोडली. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर चार जण गेले. आपण त्यांना जमिनीच्या, मजुरीच्या लढ्याचे हुतात्मे म्हणतो, बरोबरच आहे. पण मला वाटतं तो घराचाही लढा होता. संध्याकाळी काम संपलं की स्वतःच्या चुलीपाशी यायचं आणि तिथं दुसऱ्याची हाक ऐकू येऊ नये, याचा लढा.

आता माझ्या घराचं सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पावसाळा तोंडावर आला होता. सकाळी गाड्या आल्या. माणसं उतरली, कूड ओढून काढले, मेढी तोडल्या, पेंढा पेटवला. आमच्या कणगीतली नागली मातीत सांडली. आई रडत होती, बाबा झाडाला टेकून बसले होते, तोंडातून शब्द नाही. आजी मात्र कुणाशी बोलली नाही. गाड्या गेल्यावर तिनं तीन दगड शोधून आणले, होते तिथंच मांडले, वर मडकं ठेवलं. मातीतली नागली आम्हा पोरांना वेचायला लावली. संध्याकाळी त्याच जागी धूर निघाला. दूरच्या पाड्यावरचे लोक धूर बघून म्हणाले, अजून आहेत वाटतं. रातोरात सात-आठ जण वासे घेऊन आले.

मोठी झाल्यावर मला कळलं, आजीनं त्या दिवशी पुरावा लावला होता. त्या वेळी त्याला पुरावा म्हणणारा कायदा नव्हता, एवढंच.

२००२ साली पुन्हा तेच आलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानं सगळ्या राज्यांना कळवलं की जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. देशभर घरं पाडली, पिकं उपटली. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ते पाहिलंय. त्यातूनच सगळीकडच्या संघटना एकत्र आल्या, मोर्चे निघाले, आणि २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्याच्या पहिल्याच हक्कात कसण्याच्या आधी राहणं आलंय. वनजमीन धारण करण्याचा आणि तिच्यावर राहण्याचा हक्क, वस्तीसाठी किंवा कसण्यासाठी. आपण मोर्चे काढून तो शब्द कायद्यात आणला आणि अर्जात त्याच्यासमोर रेघ मारली. म्हणून काल मला झोप लागली नाही.

पोथीत आणि पुस्तकात घर

साहित्याचं विचाराल तर मोठमोठ्या पोथ्यांतही घराच्या गोष्टी आहेत. रामायण सगळ्यांना ठाऊक. वनवासात लक्ष्मणानं पंचवटीत पर्णकुटी बांधली. ती जंगलातच होती ना? लाकूड, पानं जंगलातलीच ना? कुणी येऊन विचारलं नाही, पावती दाखवा. आजही लोक नाशिकला जाऊन ती जागा बघून हात जोडतात. राजाच्या पोराची झोपडी झाली तर तीर्थ, आपली झोपडी झाली तर अतिक्रमण.

महाभारतात याहून कडू आहे. पांडवांना मारायला लाखेचं घर बांधलं होतं. पांडव भुयारातून निसटले. पण त्या रात्री त्या घरात एक निषादी, म्हणजे जंगलातली आपल्यासारखी बाई, तिच्या पाच पोरांना घेऊन जेवायला आली होती. जेवून, दारू पिऊन ती सहाही जणं तिथंच झोपली आणि जळून गेली. सकाळी लोकांनी सहा देह पाहिले, त्यांना वाटलं कुंती आणि पाच पांडव मेले. म्हणजे पांडव वाचले ते त्यांच्या जागी सापडलेल्या या सहा मढ्यांमुळे. कुंतीचं नाव आपल्या पोरापोराला ठाऊक आहे. त्या दुसऱ्या आईचं नाव काय? एवढ्या मोठ्या पोथीत तिला नाव नाही. फक्त निषादी.

पुढं कृष्ण-अर्जुनांनी खांडववन जाळलं. पळणाऱ्या जीवांना चारी बाजूंनी अडवलं. त्यातून जे थोडे वाचले त्यात मय होता. त्याच्याकडून मग पांडवांसाठी मोठी सभा बांधून घेतली, मयसभा. इरावती कर्वे बाईंनी 'युगान्त' या पुस्तकात या जाळण्यावर सडेतोड लिहिलंय. मी माझ्या शब्दांत सांगते. ज्याचं जंगल जळलं, त्याच्याच हातांनी दुसऱ्याचा महाल उभा राहिला.

ही जुनी गोष्ट वाटते? दिवाळी झाली, भात झोडून झालं की आपली माणसं कुठं जातात? वीटभट्टीवर. भिवंडीला, वसईकडे. शेटची उचल घेतलेली असते, कधी लग्नासाठी, कधी पावसाळ्यात खायला नव्हतं म्हणून. नवरा माती कालवतो, बायको विटा पाडते, पोरं विटा फिरवतात. शहरातल्या घरांच्या भिंती आपण पाडलेल्या विटांच्या. आणि आपण तिथं राहतो कशात? कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेल्या खोपटात. भट्टी संपली की तेही मोडतं. मयासुर आपल्यातच आहे, भट्टीवर आहे.

अलीकडची पुस्तकं वेगळी आहेत, कारण ती घर नसलेल्यांनी लिहिली. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३चा. त्यातला माणूस नोकरीच्या गावी राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि कळल्यावर मार खातो. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७०चं, त्यात आपल्या ठाण्याच्या पाड्यांवरची खोपटं आतून दिसतात. बाई तिथं राहिल्या, आपल्यातलं खाल्लं, म्हणून दिसली. शहाद्याकडचे भिल कवी वाहरू सोनवणे चळवळीतले कार्यकर्ते. त्यांच्या कवितेच्या पुस्तकाचं नावच 'गोधड'. घरातली वस्तू. चिंध्या जोडून केलेली, सगळ्यांना पांघरायला पुरणारी. सातबारा नसला तरी गोधडी प्रत्येक घरात असते.

आणि जे साहित्य आपण लिहिलं नाही, काढलं, ते घराच्या भिंतीवर आहे. लग्नात आतल्या अंधाऱ्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढतात. आत पालघट देवी. धवलेरी गाते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. हे बायांचं काम होतं. १९७०नंतर जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती चित्रं कागदावर आली, राष्ट्रपतींचं बक्षीस मिळालं, जगभर गेली. आनंद आहे. आज मोठ्या हॉटेलात, साहेबाच्या कचेरीत आपली चित्रं लावतात. चित्रातलं झोपडं साहेबाला आवडतं. तेच झोपडं जंगलात उभं दिसलं की त्याच्यावर कलम लागतं.

घराच्या आत

इथवर तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आता थोडं अवघड बोलते. बाप्यांनी रागावू नये.

घर म्हटलं की सगळं गोड, असं नाही. घरात शेवटी कोण जेवतं? मडक्यात उरेल ते कोण खातं? दारू पिऊन आलेला बाप्या बाईला रात्री बाहेर काढतो तेव्हा म्हणतो, निघ माझ्या घरातून. जे तिनं लिंपलं ते त्याचं घर. दार लावून घेतो आणि ती पडवीत नाहीतर शेजारी बसून रात्र काढते. आपण सरकारला विचारतो, आम्हाला हुसकावण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मग तिनं आपल्याला तेच विचारलं तर काय उत्तर आहे?

विधवेचं काय होतं? नवरा मेला की दीर म्हणतो, प्लॉट मी कसतो, तू माहेरी जा. नाही गेली तर गावात कुजबुज सुरू होते. कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाचा बैल मेला, हिनंच केलं, ही भुताळी. मग तिचं घर मोडतं, आणि महिन्याभरात तिच्या प्लॉटवर दुसऱ्याचा नांगर चालतो. भूत कुठून आलं ते नांगर बघून कळतं.

काल रात्रीच्या अर्जांत एक अर्ज असाच होता. प्लॉट कसते बाई, झोपडं तिचं, तिथं तिची चूल पेटते, हे सगळ्या पाड्याला ठाऊक. दावा दिराच्या नावानं. समितीनं सही केली. समितीत बाया होत्या, त्याही गप्प बसल्या. मी कुणाचं नाव घेणार नाही. पण हा अर्ज असाच पुढं गेला तर तिला हुसकावणारे आपण असू.

कायदा इथं स्पष्ट आहे. हक्क मिळेल तो नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. घर चालवणारी एकटी बाई असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. मिळालेला हक्क विकता येत नाही, पोराबाळांकडे वारसानं जातो. म्हणजे उद्या कुणी दारूच्या नादात शेटला जमीन लिहून देतो म्हणाला तरी देता येणार नाही.

आता करायचं काय

गावागावात समितीची स्थळपाहणी सुरू होतेय. म्हणून कामाच्या गोष्टी नीट ऐका आणि पाड्यावर जाऊन सांगा.

१. ज्यांचं घर वनजमिनीवर आहे त्यांनी अर्जात 'वस्तीसाठी' याच्यासमोर जागा लिहावी. घर, अंगण, गोठा, खळं, परसातला वाल-काकडीचा मांडव, सगळं धरून. रेघ मारलेले अर्ज समितीकडे दुरुस्त करून घ्यावेत. माझ्या अक्षरातले मी स्वतः येऊन दुरुस्त करून देईन.

२. घर हाच पुरावा आहे. नियमात घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन हे पुरावे धरलेत. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा हेही पुरावे आहेत. घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्रही चालतं. पावती नाही म्हणून कुणी दावा मागं घेऊ नये.

३. ज्यांची घरं पूर्वी मोडली त्यांनी जुनं जोतं शोधावं. चुलीचे दगड, उखळाची जागा, मेढीचे खड्डे, दारातलं आंब्याचं झाड. म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घ्यावं. दावा करणाऱ्याचं सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचं बोलणं कायद्यानं पुरावा आहे. मागं बसलेल्यांनो, तुम्ही आज आमची कचेरी आहात. तुमच्या डोक्यातली दप्तरं तुमच्याबरोबर जाळू देऊ नका.

४. घरकुल मंजूर झालं म्हणून जुनं घर लगेच पाडू नका. आधी पाहणी होऊ द्या, समितीला नोंद करू द्या. नवं घर मिळतंय. चांगलंच आहे, घ्या. पण जुन्या घराचा मागमूस पुसून घेऊ नका.

५. भट्टीवर जाणाऱ्यांनी पाहणीची तारीख विचारून ठेवावी. घरातलं एक तरी माणूस त्या दिवशी हजर राहावं. कुलूप दिसलं तर कुणीही म्हणेल, इथं कुणी राहत नाही. ज्यांना येणं जमणारच नाही त्यांच्यासाठी शेजाऱ्यानं उभं राहावं.

६. दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताबा असलेल्यांनी भिऊ नये. गाडी आली तर पाड्यानं एकत्र जमावं, लेखी हुकूम मागावा, आणि त्याच दिवशी संघटनेला कळवावं.

७. कातकरी वाड्यांतली घरं पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, या अर्जात बसणार नाही. त्यासाठी वेगळी बैठक घेऊ. जंगलातल्या कातकऱ्यांनी मात्र दावे करावेत. आदिम जमातींच्या वस्तीच्या आणि वावराच्या हक्काचं वेगळं कलम कायद्यात आहे.

८. प्रत्येक अर्जावर बाईचं नाव. समितीनं एकेक अर्ज मोठ्यानं वाचावा, बाईला उभं करून विचारावं, तुझं नाव आहे का? नसेल तर सही करू नये. विधवांचे अर्ज सगळ्यात आधी तपासावेत.

एवढं सांगितलं, आता बसते. उद्या शिबिर संपलं की मी कालच्या त्या पाड्यावर जाणार आहे. त्या बाईच्या झोपडीसमोर समितीला बसवून तिचा अर्ज नव्यानं लिहायचा आहे. तिच्या दिरालाही बोलावलंय. तो चिडेल. चिडू दे. तोही आपलाच माणूस आहे, त्याच्याशी भांडणही आपणच करायचं. ज्यांना जमेल त्यांनी बरोबर यावं. सकाळी सातला पुलापाशी जमू. भाकरी बांधून आणा.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!

जोहार.